घरात कोणाला ताप नाही

तेहतीस वर्षे मी पुण्याच्या एका शाळेत इतिहास शिकविला. त्या काळात परीक्षेला हमखास येणारा एक प्रश्न होता : ‘१८९७ सालच्या प्लेगच्या बंदोबस्तास लोकांनी विरोध का केला?’ गुण तीन, म्हणून मुद्दे तीन. गोऱ्या सोल्जरांची अरेरावी हा पहिला. लोकांच्या धर्मभावना दुखावल्या हा दुसरा. आणि तिसरा मी फळ्यावर स्वतःच्या हाताने लिहून देत असे : ‘लोकांचे अज्ञान. लोक रोगी घरात लपवून ठेवीत.’ मुले निमूटपणे लिहून घेत, परीक्षेत तसेच उतरवीत आणि मी तितक्याच निमूटपणे तीनपैकी तीन गुण देत असे. पुढे मी निवृत्त झालो. तो तिसरा मुद्दा मात्र दोन हजार वीस सालात माझ्याच दाराशी येऊन उभा राहिला. त्याचीच ही हकीकत आहे.

९ मार्च २०२० रोजी, ऐन होळीच्या दिवशी, पुण्यात कोरोनाचे पहिले दोन रुग्ण सापडले. चार दिवसांनी वर्तमानपत्र उघडतो तो राज्यात साथरोग कायदा लागू झाल्याची बातमी. कायद्याचे साल पाहिले : १८९७! जुन्या वाड्यात पाहुणा म्हणून जावे आणि दाराआड पणजोबांचा सोटा अजून उभा दिसावा, तसे मला झाले. हा कायदा ४ फेब्रुवारी १८९७ रोजी, मुंबईतल्या प्लेगने घाबरलेल्या सरकारने घाईघाईने केलेला. अवघी चार कलमे. सरकारला योग्य वाटेल तो उपाय करावा, प्रवाशांना तपासावे, संशयितांना वेगळे काढावे आणि हे करणाऱ्या अंमलदारावर कोणी दावा लावू नये, इतकाच त्याचा मतितार्थ. साहेब गेला, सोल्जर गेले, प्लेगही गेला. कायदा तेवढा राहिला. तेवीस वर्षांपूर्वी त्याची शंभरी झाली होती, ती कोणी साजरी केल्याचे मला आठवत नाही.

२५ मार्चला गुढीपाडवा होता आणि त्याच मध्यरात्रीपासून सारा देश बंद झाला. बत्तासे मिळाले नाहीत, म्हणून सौ.ने गुढीला साखरेच्या खड्यांची पुडी बांधली. कडुलिंब तेवढा आमच्या आवारातला मिळाला. एप्रिलमध्ये आमच्या गल्लीच्या तोंडाशी पत्रे ठोकले गेले.

त्या दिवसांतल्या काळज्या आता सांगितल्या तर हसू येईल. दुधाच्या पिशव्या साबणाच्या पाण्याने धुवावयाच्या. भाजी मिठाच्या पाण्यात बुडवून गॅलरीत दोन तास वाळत ठेवावयाची. वर्तमानपत्र आलेच तर त्यावर इस्त्री फिरवावयाची. आमच्या शेजारच्या गृहस्थांनी तर नोटा दोरीवर चिमटे लावून वाळत घातल्या होत्या. दिवसातून तीन वेळा वाफ, दोन वेळा काढा, रात्री हळदीचे दूध. सुंठ, मिरी, तुळस, दालचिनी यांचे प्रमाण प्रत्येक घरात निराळे आणि प्रत्येक घराचे तेच खरे. पुढे ऑक्सिमीटर नावाचे एक चिमुकले यंत्र घरोघर आले आणि माणसे सकाळी देवाला हात जोडण्यापूर्वी त्यात बोट घालू लागली. नाशिकहून मुलगी फोन करी, तिचा पहिला प्रश्न ‘जेवलात का?’ असा नसे, ‘आकडा किती?’ असा असे.

यातले काय उपयोगाचे आणि काय फुकाचे, हे त्या वेळी कोणालाच ठाऊक नव्हते. हा रोग पिशव्यांवरून फारसा येत नाही, बंद खोलीतल्या हवेतून येतो, हे जागतिक आरोग्य संघटनेने स्पष्ट शब्दांत मान्य करावयास २०२१ साल उजाडले. तोवर आम्ही पिशव्या धूत होतो आणि खिडक्या लावून घेत होतो.

इतिहासाच्या मास्तराला यात नवल वाटावयास नको होते. प्लेगच्या वेळी अगदी हेच झाले. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात मूळचे गोव्यातील हडफड्याचे डॉक्टर अकासिओ व्हिएगस यांनी हा ताप म्हणजे प्लेग, असे निदान केले. मग सरकारने घाणीविरुद्ध युद्ध पुकारले. गटारांतून कार्बोलिकचे पाणी सोडले, भिंतींना चुना फासला, जमिनी उकरल्या, घरांची कौले काढून आत ऊन पाडले, अंथरुणे-पांघरुणे जाळली. खरा गुन्हेगार या सर्व धामधुमीत एका घरातून दुसऱ्या घरात सुखाने पळत होता. उंदराच्या अंगावरची पिसू हा रोग आणते, हे पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टराने १८९८ साली कराचीत दाखविले, आणि त्याचे म्हणणे सर्वमान्य होण्यास पुढे कित्येक वर्षे जावी लागली. गंमत अशी की, ‘उंदीर पडू लागले की घर सोडावे’ हे खेड्यातल्या अडाणी माणसाला आधीपासून ठाऊक होते. उंदीर पडले की तो गाव उठे आणि रानात झोपड्या घालून राही. त्याला कारण सांगता येत नव्हते. उपाय मात्र बरोबर होता.

आता माझ्या आजीकडे वळतो. तिचा जन्म १८९० चा, म्हणजे प्लेगच्या साली ती सात वर्षांची. आमचा कसब्यातला वाडा तेव्हा उभा होता. (तो पाडून आता तिथे पाच मजल्यांची इमारत झाली आहे आणि तिच्या तिसऱ्या मजल्यावर मी राहतो.) फेब्रुवारी १८९७ मध्ये वॉल्टर चार्ल्स रँड हा अधिकारी पुण्याच्या प्लेग कमिटीचा प्रमुख म्हणून आला आणि मार्चपासून सोल्जरांच्या टोळ्या घरोघर फिरू लागल्या. पहाटेच दार ठोठवावयाचे, बुटांसह देवघरात शिरावयाचे, माणसांना अंगणात उभे करून काखा-जांघा तपासावयाच्या, बायकांनाही सोडावयाचे नाही. ताप आढळला की रोगी प्लेगच्या रुग्णालयात आणि घरचे सगळे वेगळ्या छावणीत. मागे राहिलेल्या चीजवस्तूंचे काय होई ते न बोललेले बरे. पुढे जूनमध्ये गणेशखिंडीच्या रस्त्यावर काय घडले, चापेकर बंधूंनी काय केले, टिळकांना अठरा महिन्यांची शिक्षा कशी झाली, हे सारे वाचकांना तोंडपाठ आहे. मला सांगावयाचे आहे ते आमच्या माळ्यावरचे.

आजीची थोरली बहीण काशी नऊ वर्षांची होती. तिला ताप भरला. त्याच सुमारास आमच्या आळीत सोल्जर येणार अशी कुणकुण लागली. पणजीने काशीला माळ्यावर चढविले, गोवऱ्यांच्या ढिगामागे घोंगडीवर निजविले, वर रिकामी पोती टाकली आणि खोकल्याचा आवाज होऊ नये म्हणून तिच्या तोंडात लुगड्याच्या फडक्याचा बोळा दिला. सोल्जर आले. त्यांच्याबरोबर एक देशी दुभाषी होता. त्याने विचारले, ‘‘घरात कोणाला ताप आहे?’’ पणजी म्हणाली, ‘‘घरात कोणाला ताप नाही.’’ सात वर्षांची आजी खांबाला धरून उभी होती. तिची नजर सारखी माळ्याकडे वळू पाही, म्हणून तिने डोळे मिटून घेतले. त्या दुभाष्याला वाटले, पोर घाबरली.

ही गोष्ट आजीने मला कितीदा तरी सांगितली. मी कॉलेजात इतिहास घेतला तेव्हा मोठ्या शहाणपणाने तिला म्हणालो, ‘‘आजी, हे फार चुकीचं केलंत तुम्ही. रोग असा लपवल्यानं पसरतो.’’

आजी गव्हले करीत होती. मान वर न करता म्हणाली, ‘‘पसरतो की. आमच्या पलीकडच्या घरात दाजीला लपवला होता. तो गेला आणि त्याच्यापाठोपाठ घरातली आणखी तिघं गेली. आमची काशी वाचली. तिला पिलेग नव्हताच, हिवताप होता. लपवली म्हणून वाचली की लपवूनसुद्धा वाचली, ते त्या देवाला ठाऊक. पण मला सांग, तिथं नेलेली माणसं परत येत होती का? आणि गेलं माणूस तर शेवटचं पाणी कोण घालणार होतं? तो सोल्जर?’’

याचे उत्तर मजजवळ नव्हते. तरीही पुढे तेहतीस वर्षे मी फळ्यावर ‘लोकांचे अज्ञान’ असेच लिहीत राहिलो. पुस्तकातले वाक्य माणसाला आजीपेक्षा खरे वाटते, हा शिक्षणाचा एक परिणामच म्हणावा लागेल.

सप्टेंबर २०२० मध्ये अधिक आश्विन लागला. अधिक मासात जावयाला तेहतीस अनारशांचे वाण द्यावयाचे, हा आमच्या घरचा रिवाज. जावई नाशकात अडकलेला, तरी सौ.ने ‘कुणाबरोबर तरी पाठवू’ म्हणून तांदूळ भिजत घातले. दुसऱ्या दिवशी तिला कणकण आली. तिसऱ्या दिवशी ताप १०१ आणि खोकला. त्याच सुमारास ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ ही मोहीम सुरू झाली होती आणि तपासणीची पथके दारोदार फिरत होती.

सकाळी साडेअकराच्या सुमारास घंटा वाजली. मी दार उघडले तो जाळीच्या बाहेर विशीबाविशीची एक मुलगी. तोंडावर मास्क, त्यावर प्लास्टिकची पारदर्शक ढाल, ती घामाने आतून धुरकटलेली. एका हातात कपाळावर धरावयाचे ताप मोजण्याचे यंत्र, दुसऱ्या हातात वही. तिने विचारले, ‘‘आजोबा, घरात कोणाला ताप आहे?’’

मी म्हणालो, ‘‘घरात कोणाला ताप नाही.’’

शब्द न् शब्द तोच होता, हे मला दार लावल्यावर कळले.

मी अज्ञानी नव्हतो. रोजचे आकडे वहीत टिपून ठेवणारा मी, विलगीकरण का हवे यावर इमारतीतल्या लोकांना व्याख्यान देणारा मी. मला रोगाचे भय नव्हते असे नाही. पण त्या क्षणी दिसला तो रोग नव्हे. मला दिसली ती पांढऱ्या कपड्यांतली माणसे, खाली उभी असलेली गाडी आणि सौ. तीत एकटी बसलेली. त्या उन्हाळ्यात आम्ही ऐकलेल्या हकीकतींत माणूस जिना उतरून जाई आणि घरच्यांना पुन्हा त्याचे तोंड दिसत नसे. मरणाहून हे भय निराळे आहे आणि मला वाटते, अधिक जुने आहे.

मुलीने माझे कपाळ मोजले. वहीत काहीतरी लिहिले. आतून काही ऐकू आले नव्हते, तरी ती जराशी थांबली. मग वहीचा एक कोपरा फाडून तिने त्यावर आपला मोबाइल नंबर लिहिला, जाळीतून आत सरकविला आणि म्हणाली, ‘‘आजोबा, बोटाला लावायचं ते मशीन आहे ना घरात? आकडा पंच्याण्णवच्या खाली गेला तर मला फोन करा. रात्री पण उचलते मी. आणि आजींची खिडकी उघडी ठेवा.’’

आजींचे नाव मी काढले नव्हते.

त्या रात्री आकडा ९६ होता. दुसऱ्या रात्री ९३. मी दहाला फोन केला. दुसऱ्या घंटेला तिने उचलला. खोटे का बोललात, असे तिने विचारले नाही; ‘‘बसून श्वास घेताना धाप लागते का?’’ एवढेच विचारले. रात्री बारा वाजता गाडी आली. चष्मा, फोनचा चार्जर, जपमाळ आणि पाण्याचा तांब्या एवढे घेऊन सौ. जिना उतरली. गॅलऱ्यांतून माणसे उभी होती. कोणी बोलले नाही. कोणी आत गेले नाही.

अकरा दिवस ती रुग्णालयात होती. माझीही चाचणी सदोष निघाली, पण मला नाकाचा वास जाण्यापलीकडे काही झाले नाही. भिजविलेले तांदूळ आंबले होते, हे त्यामुळे मला कळलेच नाही. चौथ्या दिवशी वर बुरशी दिसली तेव्हा टाकून दिले. संध्याकाळी पाचला एक परिचारिका आपला फोन तिच्यासमोर धरी. सौ. प्राणवायूच्या मुखवट्यातून बोले ते अर्धे समजत नसे. ‘‘गॅस बंद केलात का?’’ हे मात्र दररोज समजे.

ती घरी आली. दोनचार दिवसांनी, अंगात थोडे त्राण आल्यावर, मी तिला म्हणालो, ‘‘त्या दिवशी मी त्या मुलीला खोटं सांगितलं.’’

‘‘ठाऊक आहे,’’ ती म्हणाली. ‘‘मी आतून ऐकत होते. अहो, खोकला यायला लागला होता. उशीत तोंड खुपसून दाबून धरला.’’

यानंतर मी जुनी पुस्तके पुन्हा काढली. तिसरा मुद्दा तपासून पाहावा असे वाटू लागले. आणि पाहतो तो, जिथे जिथे लोकांनी रोगी लपविला तिथे दाराशी कोण उभे होते, हा प्रश्न आम्ही कधी विचारलाच नव्हता. २९ ऑक्टोबर १८९६ रोजी मुंबईत सुमारे हजार गिरणी-कामगारांनी आर्थर रोडच्या रुग्णालयावर हल्ला केला. रुग्णालयात माणसे मारून त्यांचे ‘मोमियाई’ तेल काढतात अशी वदंता होती. वदंता खोटी, पण तिच्या पोटातले भय खोटे नव्हते. त्याच काळात पुण्यात सावित्रीबाई फुले आणि त्यांचे दत्तक पुत्र डॉ. यशवंत यांनी पुण्याबाहेर माळरानावर प्लेगच्या रोग्यांसाठी दवाखाना उघडला. सावित्रीबाई स्वतः वस्त्यांतून फिरून रोगी आणीत. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला त्यांनी पाठीवर घालून आणले, त्यातच त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. वय सहासष्ट. सोल्जरांच्या झडत्या पुण्यात सुरू झाल्या त्या याच आठवड्यात. एकाच गावात, एकाच आठवड्यात, एकाच रोगासाठी दार वाजत होते. त्या मुलाच्या आईने सावित्रीबाईंना ‘घरात कोणाला ताप नाही’ असे सांगितले नसावे, असे मला आपले वाटते. पुरावा मजजवळ नाही.

हिवाळा सरता सरता लशीची वार्ता आली. ती पुण्यातच तयार होत होती. १२ जानेवारी २०२१ च्या पहाटे तिच्या पहिल्या पेट्या गाड्यांतून बाहेर पडल्या. आमच्या इमारतीत लगेच दोन पक्ष झाले. लस घेतली की ताप येतो, दंड सुजतो, म्हणजे तीत रोगच आहे, असे एका पक्षाचे म्हणणे. मला वाल्डेमार हाफकिन आठवले. ओडेसात जन्मलेला हा ज्यू शास्त्रज्ञ प्लेगच्या बातमीमुळे ऑक्टोबर १८९६ मध्ये मुंबईस आला. ग्रँट मेडिकल कॉलेजातली एक लहानशी जागा आणि थोडी माणसे एवढ्या भांडवलावर त्याने तीन महिन्यांत लस केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी पहिली सुई स्वतःच्या अंगात टोचून घेतली. ताप सणसणून आला, सुई टोचली तिथे दुखू लागले. मग भायखळ्याच्या तुरुंगातल्या राजी असलेल्या कैद्यांना टोचली. आगाखान तेव्हा जेमतेम एकोणीस वर्षांचे. आपल्या अनुयायांची भीती जावी म्हणून त्यांनी चारचौघांत लस टोचून घेतली, तीही एकदा नव्हे. तरी पुढे १९०२ साली पंजाबातल्या मुलकोवाल गावी लशीच्या एका बाटलीत धनुर्वाताचे जंतू शिरून एकोणीस माणसे दगावली. सारा दोष हाफकिनच्या माथी मारून त्याला कामावरून दूर केले. तो निर्दोष, हे मान्य करण्यास १९०७ साल लागले. परळच्या त्याच्या प्रयोगशाळेला त्याचे नाव मिळाले ते १९२५ साली. लशीवर अविश्वास दाखविणाऱ्या आमच्या शेजाऱ्यांना मी हे सगळे सांगितले. या खेपेस मात्र ‘अज्ञान’ हा शब्द मी उच्चारला नाही. ‘‘आम्ही दोघं जातो, आम्हांला काय होतं ते बघा आणि मग ठरवा,’’ एवढेच म्हणालो. मार्चमध्ये आम्ही टोचून आलो. रात्री मला ताप आला. सकाळी शेजारी दाराशी हजर! मी त्यांना थर्मामीटर दाखविला आणि संध्याकाळी उतरलेला पारा पुन्हा दाखविला. पुढच्या आठवड्यात ते गेले.

पण त्या अगोदरची एक गोष्ट राहिली. नोव्हेंबरात दिवाळी आली. सौ.ला अजून जिना चढवत नव्हता, तरी तिने हट्टाने पुन्हा तांदूळ भिजविले, तीन दिवस पाणी बदलले, गुळात कालवून पीठ मुरविले आणि बसून बसून अनारसे तळले. मोजून तेहतीस नाशकासाठी ठेवले. उरलेले एका स्टीलच्या डब्यात घातले आणि मला त्या चिठोऱ्यावरच्या नंबराला फोन लावावयास सांगितले. मुलगी भाऊबिजेच्या संध्याकाळी, ड्यूटी संपवून आली. जाळीबाहेरच उभी राहिली. ढाल नव्हती, मास्क होता. तिचा चेहरा मी अजूनही पुरता पाहिलेला नव्हता.

सौ.ने जाळीचे दार उघडून डबा तिच्या हातात दिला.

‘‘आजी, डबा आणून देते हं परत,’’ ती म्हणाली.

दुसऱ्या लाटेत ती कुठे कुठे फिरत होती कोण जाणे. एप्रिलमध्ये राज्यात दिवसाला साठ हजारांवर रुग्ण सापडत होते. फोन लावावयाचे आम्हांला धैर्य झाले नाही. जूनच्या एका दुपारी घंटा वाजली. दारात तीच होती. डबा तिने रिकामा आणला नव्हता. त्यात साखर होती. सौ.ने तिला आत बोलाविले आणि चहा टाकला.